काळी, पांढरी आणि मायचा वाफा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. परंतु गेल्या उन्हाळ्यात अल्लीपूरच्या आमच्या घराची दुरुस्ती करताना जे घडले, ते लिहिल्यावाचून दुसरे काही सुचेना. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी सध्या आईवडिलांची मातीची घरे उतरवून स्लॅबची घरे बांधत आहेत. कुणी नोकरीच्या बचतीतून, कुणी रमाई आवास योजनेतून. त्यांच्या उपयोगी पडावे, हाही हेतू आहे.

आमच्या घरामागे मायचा वाफा आहे. लांबी बारा फूट, रुंदी पाच. माय आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला गेली, कापूस वेचत राहिली. सातबाऱ्यावर तिचे नाव कधी चढले नाही. मजुरीहून परतताना टोपलीत थोडी थोडी काळी माती आणून, तीत शेणखत मिसळून तिने हा वाफा उभा केला. मेथी, सांबार, वांगी आणि कडेला मोगऱ्याची दोन झाडे. बुद्धपौर्णिमेला प्रतिमेपुढे वाहायची फुले आमच्याकडे विकत आणावी लागत नाहीत.

आपल्या मुलुखात जमिनीला दोन नावे आहेत. शेतीची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पांढरी ही निसर्गाने दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, त्यांत चुलीची राख आणि गोठ्यातले शेण मिसळले आणि ती तयार झाली. पुरातत्त्वाचे अभ्यासक जुन्या वस्त्यांचा शोध घेताना अशाच पांढरीच्या टेकाडांकडे वळतात. शेतकरीही पूर्वी ही माती खत म्हणून वावरात नेऊन टाकीत. थोडक्यात, पडलेले घर मातीत जाई आणि पुन्हा पिकात उगवे. वर्गात हे मी मोठ्या आवडीने शिकवतो. आणि याच ज्ञानाने माझा घात केला.

मागची भिंत पाडली तेव्हा तिची माती मी निर्धास्तपणे वाफ्याच्या कडेला पडू दिली. तिने काही बिघडलेही नाही. पण तिच्यामागून निघाला तो पुढच्या खोलीचा मलमा : वीस वर्षांपूर्वीची सिमेंटची फरशी, प्लास्टरचे पोपडे, चुन्याची भुकटी. मला वाटले, मलमा तो मलमा. वाफ्यावर प्लास्टिकची ताडपत्री अंथरली आणि मी निकालाच्या कामासाठी शाळेत निघून गेलो. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात त्या ताडपत्रीखाली मेथी अक्षरशः उकडली. म्हणून दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली, तर सावली पाहून मजुरांनी त्याच कोपऱ्यात घमेली, थाप्या धुतल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उन्हातान्हात राबणारी ती आपलीच माणसे. कुठे धुवायचे हे त्यांना दाखवणे माझे काम होते.

काही दिवसांनी वांग्याची नवी पाने पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. सिमेंटचे पाणी अत्यंत अल्कधर्मी असते. आपली काळी माती मुळातच चुनखडीयुक्त. त्यात ही भर पडली की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. संत्र्याच्या बागांत हेच पिवळेपण अनेकांनी पाहिले असेल.

माय वाफ्याशी बसून होती. म्हणाली, "बाबू, घर त् पन्नास साल टिकन. पन हे माती कोनत्या दुकानातून आनशीन?"

माझ्या एम.ए.च्या पदवीजवळ याचे उत्तर नव्हते.

त्यानंतर जे केले ते आधीच करायला हवे होते. बिघडलेल्या कोपऱ्यातली अर्धा फूट माती खरवडून फाटकाजवळच्या खड्ड्यात भरली. उरलेल्या वाफ्याभोवती बांबू रोवून तट्टे बांधले. ताडपत्री बांबूंच्या कमानीवर, झाडांना टेकणार नाही अशी, आणि तीही तोडफोड चालू असेपर्यंतच, संध्याकाळी काढायची. पानांवर सिमेंटची धूळ बसलीच तर आधी कोरडी झटकायची, मग भरपूर पाण्याने धुवायची, कारण थोडे पाणी शिंपडले तर ती तिथेच धरते. घमेली धुण्यासाठी रस्त्याच्या बाजूला प्लास्टिक अंथरलेला खड्डा केला. येण्याजाण्याच्या वाटेवर फळ्या टाकल्या. मलम्याची ट्रॉली मात्र मृगाच्या आधी हलवण्याची घाई केली, कारण ओल्या काळ्या मातीवरून ट्रॅक्टरचे चाक एकदा गेले की पुढे तिथे सब्बलही शिरत नाही.

ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे, त्यांनी मिस्त्रीशी मजुरी ठरवतानाच मलमा कुठे पडेल आणि अवजारे कुठे धुतली जातील, हेही ठरवून घ्यावे. मातीचा मलमा आणि सिमेंटचा मलमा यांचे ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. पहिला परसात चालतो. दुसरा पायव्यात, रस्त्याच्या भरावात, पण वाफ्यात नव्हे.

घर आता पूर्ण झाले आहे. मोगऱ्याचे एक झाड वाचले. रिकाम्या कोपऱ्यात शेणखत टाकून मायने ताग पेरला आहे. तो फुलावर आला की मातीत गाडायचा आहे. काल तिने मला तिथे विळा घेऊन बोलावले आणि पाहून म्हणाली, अजून आठ दिवस थांब.