तंबोऱ्यासाठी डॅक

श्रावणात मिरजेहून फोन आला, चाचा गेले. सतारमेकर गल्लीत त्यांना लहानथोर सगळे चाचाच म्हणत. आमच्या तंबोऱ्याची जवारी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी काढलेली नाही. लग्न होऊन मी पुण्याला आले, त्यानंतरही तंबोरा गवसणीत घालून कोयना एक्स्प्रेसनं मिरजेला जायचा आणि बोलका होऊन परत यायचा.

त्या रात्री मला तो तंबोरा ऐकायचा होता. मांडीशी घेऊन छेडायचं बळ नव्हतं, नुसता ऐकायचा होता. मिरजेच्या घरी माझ्या गुरुजींची एक बैठक झाली होती. तिची कॅसेट पुढे कुणीतरी संगणकावर उतरवून दिली आणि ती फाइल एका फोनातून दुसऱ्या फोनात माझ्याबरोबर आली आहे. गाणं सुरू होण्याआधी तिच्यात बराच वेळ फक्त तंबोरा आहे, चाचांनी त्याच दुपारी लावून दिलेला. मी ड्रॉवरमधून वायरचे इअरफोन काढले, नुकताच घेतलेला फोन हातात घेतला आणि चारही कडांवरून अंगठा फिरवला. पिन घालायला जागाच नव्हती.

मुलानं त्याचे ब्लूटूथचे बड्स आणून दिले. त्यांतून गुरुजी अगदी समोर बसल्यासारखे ऐकू आले, तंबोरा मात्र भिंतीपलीकडे गेला होता. दोष सगळा ब्लूटूथचाच, असं मी म्हणणार नाही. वायरशिवाय पाठवताना आवाज आटवावा लागतो हे खरं, पण त्या बड्सची घडणही ढोल उठून दिसावा अशीच होती. काही असो, मला जे हवं होतं ते त्यांत नव्हतं.

मला हवी होती जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी अल्प बाक असतो. तार थरथरताना त्या बाकावर पुन्हा पुन्हा टेकते. तारेखालचा सुताचा धागा पुढेमागे सरकवून ते टेकणं नेमक्या जागी आणलं, की एका षड्जातून वरचे स्वर सुटू लागतात. त्याचा पंचम, त्याचा गंधार, आणि त्याहीवरचे कितीतरी. मूळ षड्ज दीडशे हर्ट्झच्या आसपास असला तरी ही गुणगुण काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते. गाणाऱ्याला आधार देते ती हीच.

चाचा तो धागा नखानं सरकवायचे, मग भोपळ्याशी कान नेऊन डोळे मिटायचे. असं डोळे मिटून ऐकणारं दुसरं माणूस मी एकच पाहिलं, माझी आई. ती टेलिफोन ऑपरेटर होती.

एक्स्चेंजमध्ये मुलांना नेता येत नसे. तरी एकदा घरी कुणी नव्हतं म्हणून सुपरवायझरबाईंनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं. समोर बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, कॉर्डच्या टोकांना पितळी पिना. आईच्या डोक्यावर हेडसेट, तोही एकाच कानावर. ट्रंक लाइनवर कुणाचा तरी आवाज फार लांबून येत होता. आईनं हेडसेटवर तळवा दाबला, डोळे मिटले आणि दुसरा हात वर केला. खोलीतल्या सगळ्याजणी बोलायच्या थांबल्या. मग ती म्हणाली, "हं, बोला, ऐकू येतंय."

त्या पिनेचा इतिहास मी नंतर वाचला. पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी १८७८मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला सुरू झालं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला बॉस्टनमध्ये एमा नट कामावर रुजू झाली, ती पहिली स्त्री ऑपरेटर. तिच्याआधी या कामावर पोरं ठेवत, आणि ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत. स्विचबोर्डासाठी पाव इंची पिन घडत गेली ती याच काळात. पुढे ती गिटारला आणि स्टुडिओतल्या हेडफोनला लागली. तिचं साडेतीन मिलिमीटरचं लहान रूप ट्रान्झिस्टरला आलं आणि १९७९मध्ये सोनीच्या पहिल्या वॉकमनबरोबर लोकांच्या खिशात पोचलं. सप्टेंबर २०१६मध्ये आयफोन ७ त्याच्याविना निघाला, आणि मग एकेक करून बऱ्याच फोनांतून ते गेलं. एमा नटपासून माझ्या आईपर्यंत किती बायकांच्या बोटांना या कुळातल्या पिनेची सवय होती, हे वाचल्यावर मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तर आता फोनला बाहेरून एक डबी जोडायची. तिच्यात डॅक असतो, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांची विद्युतलहर करणारी चिप, आणि अॅम्प असतो, म्हणजे त्या लहरीला इअरफोन हलवण्याइतकं बळ देणारा भाग. बोटभर लांबीची डोंगलं फोनच्या बॅटरीवर चालतात, मोठ्या डब्यांना स्वतःची बॅटरी असते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या दुकानात मी गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलानं आठ-दहा खोकी मांडली. बहुतेकांवर ठळक अक्षरांत ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ. हे आकडे मी बाजूला ठेवले. १९८२ साली सीडी आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन, आणि १६ बिटांत हिशेबानं ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. कॅसेटची खरखर त्या तळाच्या कितीतरी वर असते. आमची बैठक त्यात सहज बसते.

बळाचंही तसंच. घरी आरामात ऐकायचे काही मोठे हेडफोन ३०० ओहमचे असतात, त्यांना व्होल्टेज लागतं. त्यांच्यासाठी ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड भोक असलेली डोंगलं आहेत. साध्या भोकातून २ व्होल्ट मिळत असतील तर त्यातून साधारण ४ मिळतात. माझे इअरफोन ३२ ओहमचे. त्यांना बळ फार लागत नाही, शांतता लागते.

आउटपुट इम्पीडन्स हा आकडा खोक्यावर क्वचितच छापतात, आणि खरा विचारण्यासारखा तोच आहे. अॅम्पचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी हवा, असा ढोबळ नियम आहे. तो जास्त असला आणि इअरफोनच्या आत तीन-चार ड्रायव्हर असले, तर काही स्वर फुगतात, काही दबतात, कारण तसल्या इअरफोनचा अडथळा प्रत्येक स्वराला वेगळा असतो. हा नियम असंख्य लोकांच्या गळी उतरवला तो एका अनामिक इंजिनिअरनं. एनडब्ल्यूएव्हीगाय एवढंच त्याचं टोपणनाव. २०११मध्ये त्यानं ओ-टू नावाच्या हेडफोन अॅम्पचा आराखडा सगळ्या मोजमापांसह लोकांसमोर ठेवला. महागड्या यंत्रांइतकं स्वच्छ काम साध्या भागांतून होतं, हे त्याला दाखवायचं होतं आणि ते त्यानं दाखवलं. २०१२नंतर तो गप्प झाला. तो कोण होता, हे जगासमोर आलं नाही. मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

दुकानातल्या मुलानं मला ऐकायला ढोल-ताशाचं काहीतरी लावून दिलं. मी म्हटलं, माझ्या फोनात आहे ते ऐकू दे. पहिल्या डोंगलमधून तंबोऱ्याआधी डोंगलचीच बारीक 'सीं' ऐकू आली. कॅसेटची खरखर जुनी, ओळखीची आहे, ती मागे सरून बसते. ही नवी 'सीं' थेट जवारीच्या अंगावर येत होती. दुसऱ्याला बटणं नव्हती, फोनचा आवाज एक पायरी वाढवला की कानठळ्या. तिसरं अगदी साधं निघालं. एकच भोक, इम्पीडन्स एक ओहमच्या आत, अंगावर आवाजाची दोन बटणं, आणि स्वतःचं काही बोलणं नाही. त्यातून जोडीच्या तारा आल्या, मग खर्ज, आणि खर्जाच्या पोटातून तो गंधार वर आला. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मुलानं हळूच विचारलं, "काकू, गाणं सुरू झालं नाही का अजून?"

मी तेच घेतलं. अँड्रॉइड सगळे आवाज मिसळताना बहुधा ४८ किलोहर्ट्झवर आणतं, ते टाळून थेट डॅककडे पाठवायची सोय काही अॅपमध्ये आहे, अँड्रॉइड १४पासून यंत्रणेतही आहे, असंही त्यानं समजावलं. करून पाहिलं. मला फरक जाणवला नाही, म्हणून त्यात अडकले नाही.

मात्र एका गोष्टीचा राग मनातून जात नाही, आणि तो कुठल्याही डॅकनं निघणारा नाही. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं 'स्वच्छ' करून पुन्हा काढतात. खरखर काढणाऱ्या प्रोग्रॅमला सतत चालणारा आवाज म्हणजे कचरा वाटतो, आणि तंबोरा सतत चालतो. माझ्याकडे असा एक संच आहे. मूळ तबकडीच्या खरखरीत तंबोरा लख्ख होता. नव्यात गवई रिकाम्या खोलीत गातो आहे, त्याच्या पाठीशी कुणी नाही. मिरजेतले वाद्यं बनवणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले, पंढरपूरकडचे भोपळे आणून वाद्यं घडवू लागले, आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या आवाजासाठी पिढ्यान्‌पिढ्या कानस चालवली, तो गोंगाट समजून पुसून टाकायचा? ज्यांनी हे केलं त्यांच्या शेजारी चाचांना तासभर बसवायला हवं होतं.

दिवाळीत डोंगल घेऊन मिरजेला गेले. आईच्या ऑडिओग्रामवर २००० हर्ट्झनंतर रेघ खाली घसरत जाते. म्हणजे जवारीची वरची गुणगुण तिच्यापर्यंत आता पोचत नाही. तिला ऐकवावं की नाही, असं मला झालं होतं. तिनं दोन इअरफोनपैकी एकच घेतला, उजव्या कानात घातला आणि वर तळवा दाबला.

"चाचांनी लावलाय," ती म्हणाली. "खर्ज असा तेच ठेवायचे."

तिचं सगळं आयुष्य ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये गेलं. टेलिफोनच्या तारेतून तेवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुतेक वेळा ३००च्या खाली असतो, म्हणजे तो तारेवरून यायचाच नाही. वरचे स्वर ऐकून खालचा मेंदू स्वतः उभा करतो, आणि आपल्याला वाटतं की ऐकला. बोर्डावर बसून आई हे रोज करत होती, मुंबईचा कोण, सोलापूरचा कोण, नुसत्या 'हॅलो'वरून ओळखत होती. आता तिचे वरचे स्वर गेले आहेत आणि खालच्यांतून ती उरलेलं उभं करते. माझ्या डबीत काय आहे नि काय नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिनं दुसरा इअरफोन माझ्या हातात दिला, पण वायर आखूड, दोघींची डोकी एकमेकींना लागायला लागली.

सोनीच्या पहिल्या वॉकमनला दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकण्यासाठी. माझ्या डोंगलला एकच आहे. तेव्हा स्प्लिटर आणायचा ठरलाय. ३२ ओहमचे दोन इअरफोन समांतर जोडले की १६ ओहम होतात. आतला अडथळा एक ओहमच्याही खाली असल्यामुळे स्वरांत फरक पडायचा नाही, आवाज थोडा वाढवावा लागला तर लागेल. आईची अट वेगळीच आहे. तिला दोन्ही कान झाकलेले चालत नाहीत, कुणी हाक मारली तर कळलं पाहिजे म्हणते. कॉल सेंटरमधली मुलं वापरतात तसा एका कानाचा हेडसेट साडेतीन एमएमच्या पिनेत मिळतो, पुढच्या खेपेला तो घेऊन जाईन. फाइल मोनो आहे, त्यामुळे एका कानानंही तिचं काही हुकणार नाही.