पाण्यानेच वाजवावं असं शिल्प

बदलापूर

ती. अण्णांस,

पाणथळ जागांवरून सुचलेल्या शिल्प-ध्वनी कलाकृतींबद्दल तुम्ही विचारलं होतं. अशा कामांची एक ठरावीक घडण दिसते: दालनात लव्हाळ्यासारख्या धातूच्या काड्या, मंद उजेड आणि लपवलेल्या स्पीकरमधून बेडूक, टिटवी, पाण्याची खळखळ. उल्हास नदीचा हा पट्टा पाहून माझं मत पक्कं झालं आहे. अशी कलाकृती इथे व्हायलाच हवी, पण दालनात नको आणि ध्वनिमुद्रणावर तर मुळीच नको. ती पाण्यात उभी राहावी आणि पाण्यानेच वाजावी.

याचं कारण असं, की इथल्या पाणथळीला कागदावर जागा नाही. 1971च्या रामसर कराराची व्याख्या उदार आहे: पाणथळ नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायमची असो वा हंगामी, साचलेली असो वा वाहती, सगळी धरली जाते. आपल्या 2017च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले. मग बदलापूर-वांगणी पट्ट्यात उरतं काय? उल्हास हे पात्र, बारवी हे धरण, बाकीची खाचरं. ठाणे खाडीला 2022 साली रामसरचा दर्जा मिळाला, तिथे फ्लेमिंगो पाहायला माणसं जातात, हे चांगलंच आहे. इथे तसं मिरवण्याजोगं काही नाही. पण 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा पाणी कुठवर पसरतं हे साऱ्या देशाने पाहिलं. नियमात न बसणारी ही जागा लोकांच्या कानांवर घालायची तर ती जागेवरच घालायला हवी.

कशी, ते पहिल्या जोराच्या पावसानंतर खाचराच्या बांधावर कळतं. मोठ्या जातीच्या बेडकाचा नर एरवी मातकट हिरवा असतो. विणीच्या दिवसांत तो पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. प्रत्येक हाकेसरशी पिशवी ताणली जाते, चकाकते, भोवतालच्या पाण्यावर बारीक वलय उठतं. रूप आणि नाद इथे वेगळे काढता येत नाहीत, आणि दोन्ही त्या खाचरातल्या पाण्याशिवाय होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग त्याचाच आवाज मुद्रित करून ऐकवावा, तो तरी खरा असेल. अमेरिकेतल्या बर्नी क्राउस यांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांच्या संग्रहावरचं मोठं प्रदर्शन 2016 साली पॅरिसमध्ये झालं. संग्रह म्हणून त्याचं मोल फार मोठं, कारण त्यातल्या कितीतरी जागा पुढे उजाड झाल्या. पण अडचणही तिथेच आहे. तळं बुजलं तरी मुद्रित बेडूक ओरडतच राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

अंबरनाथ

ती. अण्णांस,

शिल्प आणि पाणी यांची सांगड इथे नवी नाही. वालधुनी नदीच्या काठावरचं शिलाहारांचं शिवमंदिर शके 982, म्हणजे 1060 सालचं. भिंतींवर मूर्तींची दाटी आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो गाभारा. मंडपातून पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं, आणि शिखर अपुरं असल्याने वर आभाळ उघडं. प्रत्येक पायरीगणिक बाहेरचा गोंगाट मागे पडतो, दगडाचा गारवा वाढतो, आणि पाऊस असेल तर तो थेट आत पडतो. दगडाच्या नुसत्या मांडणीने माणसाचा कान बदलतो. त्याला वीज लागत नाही.

आक्षेप असा येईल, की क्रोएशियातल्या झादरला निकोला बाशिच यांनी 2005 साली पायऱ्यांखाली 35 नळ्या बसवून समुद्राकडून वाद्य वाजवून घेतलं, पण तिथे लाटा आहेत, वालधुनीला कुठल्या? रास्त आक्षेप आहे. पण जपानी बागांत एक जुनी युक्ती आहे: तळाला भोक पाडलेला घडा जमिनीत पालथा पुरायचा. थेंब आतल्या पाण्यावर पडतो आणि घंटेसारखा नाद उठतो. त्याला लाट नको, झिरपणारं पाणी पुरतं. वेगवेगळ्या उंचीवर असे घडे आणि नळ्या बसवल्या, तर जुलैचं पाणी वेगळं वाजेल, जानेवारीचं वेगळं. मंदिर संरक्षित आहे, त्याच्या शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. जागा त्याबाहेरची निवडावी. पक्ष्यांना त्रास होईल असंही कुणी म्हणेल, पण ती भीती स्पीकरची आहे, आणि स्पीकर इथे नाहीच.

उल्हासनगर

ती. अण्णांस,

सगळ्यात जड आक्षेप इथे समोर येतो. वालधुनी इथे नाल्यासारखी वाहते. 2014च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. अशा नदीवर शिल्पं कसली उभारता, आधी सांडपाणी शुद्ध करा, असं कुणी म्हटलं तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शुद्धीकरणाचा एक रुपयाही कलेकडे वळवू नये. पण प्रदूषणाचे आकडे अहवालात राहतात आणि अहवाल फार थोडे लोक वाचतात. घड्याच्या भोकाशी फेस दाटला, जलपर्णीने नळी बुजली, तर आवाज बसेल, आणि तो रोज नदीवरच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कळेल. बंद पडलेलं शिल्प म्हणजे फुकट गेलेला पैसा, हे दालनातल्या यंत्राबाबत खरं. इथे बंद पडणं हीच बातमी आहे, आणि ते दुरुस्त करायचं तर शिल्प नव्हे, नदी दुरुस्त करावी लागेल.

अंबरनाथला शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल भरतो. गाणं होतं, चित्रकार-शिल्पकारही येतात. त्याच्या आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या खेपेला एक काम वालधुनीच्या काठासाठी मागवा, आणि उत्सवाचा मंडप उतरल्यावरही ते तिथेच राहू द्या. तुमच्या ओळखीचं कुणी त्या मंडळींत असेल तर ही पत्रं त्यांना जरूर दाखवा.

आपला,
बाळू