बिल एकदाच टाइप व्हावं

३ मार्च २०२५, सोमवार

चाकणचा ट्रक साडेचारला भरून तयार होता, सुटला पावणेसातला. कास्टिंग मोजून झालं होतं, टेस्ट सर्टिफिकेट लावलं होतं, गेटपासवर सही होती. अडलं ते बिलावर. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत एकच बिल चार ठिकाणी टाइप होतं : आधी हिशेबाच्या पॅकेजमध्ये, मग ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर, मग ई-वे बिलासाठी आणि शेवटी ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर ‘एएसएन’ म्हणून, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ वर्दी. तो नंबर नसेल तर ट्रक त्यांच्या गेटबाहेरच उभा राहतो. डिस्पॅचचे मामा म्हणाले, “ताई, लोखंड वितळवून ओतायला लागत नाही एवढा वेळ तुमचा कॉम्प्युटर घेतोय बघा.” मामांचं हे नेहमीचंच; पण आज उत्तर सुचलं नाही.

६ मार्च

धाकट्या मालकांचं मत, सगळ्या कारखान्याला एकच असं मोठं ईआरपी सॉफ्टवेअर घेऊन टाकावं, म्हणजे कटकट संपेल. मला पटत नाही. ईआरपी कितीही भारी आणलं तरी चाकणचं पोर्टल चाकणचंच राहणार आणि सरकारचं सरकारचं. आपल्याला हवंय ते या सगळ्यांनी परस्पर बोलणं. वेब सर्व्हिस म्हणतात ती हीच : एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे इंटरनेटवरून ठरलेल्या साच्यात मागणी पाठवायची, उत्तरही ठरलेल्या साच्यात यायचं, मधे टाइप करणारं कोणी नाही. पूर्वी हे एक्सएमएल आणि ‘सोप’मधून चालायचं, आता बहुतेक जागी जेसन असतं. समोरचा प्रोग्रॅम कोणी लिहिला, कशात लिहिला, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

आबांना, म्हणजे थोरल्या मालकांना, कारखान्याच्या भाषेत सांगितलं. कास्टिंग आपलं, मशिनिंग गोकुळ शिरगावात, असेंब्ली चाकणला. तिघांची कधी गाठ पडत नाही, तरी बोल्ट बसतो, कारण तिघांकडे ड्रॉइंग एकच. आबा म्हणाले, “मग बिलाचं ड्रॉइंग कुणाकडं हाय?”

१० मार्च

ते सरकारकडे आहे, आणि चांगलं आहे. जीएसटीच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हणायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही, पण हे म्हणावंच लागेल. ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि पायरीपायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं. अजून पुष्कळांना वाटतं की बिल सरकारच्या पोर्टलवर बनतं. तसं नाही. बिल आपल्याच पॅकेजमध्ये बनतं. त्याची माहिती ‘आयएनव्ही-०१’ या साच्यात जेसन करून पाठवायची, की ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, आणि डिजिटल सही असलेला क्यूआर कोड परत येतो.

हा आयआरएन म्हणजे अनुक्रमांक नव्हे. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा नंबर, या चार गोष्टींवरून एसएचए-२५६ नावाच्या गणिताने तो काढतात. कोणीही, कुठेही हे गणित करावं, उत्तर तेच येणार.

१५ मार्च

आम्ही मधे एक जीएसपी घेतलाय, जीएसटी सुविधा प्रोव्हायडर. त्यांच्याकडच्या मुलाने आज पॅकेजमधली जुनी बिलं बाहेर काढून दाखवली आणि माझे डोळे उघडले. तारीखच घ्या. पॅकेज ती २०२५०३१५ अशी देतं. सरकारी साच्याला १५/०३/२०२५ लागते. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाचा आयएसओ ८६०१ हा नियम १९८८ पासून आहे, पण तो सगळ्यांनी पाळला असता तर या मुलाला काम कुठून मिळालं असतं!

त्याहून मजा एककांची. पॅकेजमधल्या आमच्या मास्टर यादीत कुठे ‘टन’, कुठे ‘एमटी’, कुठे ‘मे.टन’. जीएसटीच्या यादीत एमटीएस म्हणजे मेट्रिक टन आणि एमटीआर म्हणजे मीटर. दोन्ही कोड वैधच. म्हणजे उद्या कोणी दोन टन ब्रॅकेट दोन मीटर म्हणून पाठवले तर साचा म्हणून त्यात काही खोट नाही. साचा बरोबर असला की माहितीही बरोबर असेलच असं नाही, हे त्या मुलाला नव्हे, आमच्या स्टोअरला समजावून सांगायला हवं. पिनकोड आणि राज्याचा कोड जुळला नाही तर मात्र पोर्टल बिल परत पाठवतं. बेरजेत एक रुपयापर्यंतची फरकाची सूट आहे, त्यापुढे नाही.

१९ मार्च

रंगपंचमी. निम्मं ऑफिस सुट्टीवर, फोन बंद. मास्टर साफ करायला याहून चांगला दिवस नाही. एकाच ग्राहकाची तीन-तीन नावं काढून टाकली. जोडणीचं खरं काम हेच असतं. कोटेशनमध्ये ते कोणी लिहीत नाही.

२२ मार्च

वजनकाट्यावरचा आकडा आता थेट पॅकेजमध्ये येतो. काटा जुना, पण त्याच्या इंडिकेटरला आरएस-२३२ चं पोर्ट आहे. हे स्टँडर्ड १९६० चं. आजच्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, म्हणून एक स्वस्तातला कन्व्हर्टर आणला आणि काम झालं. नवा काटा घ्या म्हणून मागे लागलेल्या सेल्समनला आबांनी चहा पाजून वाटेला लावलं.

२६ मार्च

आज टेस्टिंगच्या पोर्टलवर मुद्दाम गडबड करून पाहिली. बिल पाठवलं आणि उत्तर यायच्या आत नेट तोडलं. आता प्रश्न : नोंद झाली की नाही? झाली असेल आणि आपण पुन्हा पाठवलं तर एका मालाची दोन बिलं? पैशाच्या व्यवहारात माणूस इथेच घाबरतो. पुन्हा पाठवलं, तर २१५० नंबरची एरर आली : डुप्लिकेट आयआरएन. चार गोष्टी त्याच, म्हणून गणिताचं उत्तर तेच, म्हणून दुसरी नोंद होऊच शकत नाही. तेव्हा प्रोग्रॅमला शिकवलं की २१५० म्हणजे बिघाड नव्हे, ‘हे काम आधीच झालंय’ एवढाच निरोप. साचा आखणाऱ्याची अक्कल अशा जागी दिसते.

नोंदवलेलं बिल रद्द करायचं तर पोर्टलवर २४ तास मिळतात, आणि रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. हे डिस्पॅचच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय.

१ एप्रिल

नवं वर्ष, बिलं एकपासून. आजपासून १० कोटी आणि वरच्या उलाढालीच्या धंद्यांना ३० दिवसांच्या आत बिल नोंदवणं सक्तीचं झालंय. आमची नोंद ट्रक सुटायच्या आधी होते, त्यामुळे आम्हाला फरक नाही. गाडीचा नंबर आणि अंतर त्याच जेसनमध्ये घातलं की ई-वे बिलही त्याच फेरीत मिळतं. चारातली दोन टायपिंगं गेली. ट्रक पाच वाजता बाहेर. मामा काही बोलले नाहीत, म्हणजे खूश असावेत.

९ एप्रिल

एएसएनचं घोडं अडलंच. चाकणच्या कंपनीकडे एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी थेट बोलायची सोय, आहे, पण आमच्याएवढ्या पुरवठादाराला देत नाहीत. एक्सेल अपलोड करा म्हणतात. दुसऱ्या ग्राहकाचं पोर्टल वेगळं, तिसऱ्याचं अजून वेगळं. उलट जर्मनीचा ग्राहक ऐंशीच्या दशकातल्या एडिफॅक्टमधला ‘डेसॅड्व्ह’ संदेश मागतो. हे संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ठरलेलं रूप, तिथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना चालतं. जीएसपीच्या मुलाने आमच्याच माहितीवरून ते तयार करून दिलं. दिसायला ओबडधोबड, पण कोणाच्या मालकीचं नाही. आपल्याकडे सरकारने बिलाला साचा दिला; मोठ्या वाहन कंपन्यांना एएसएनसाठी एकत्र बसून एक साचा ठरवता येऊ नये? प्रत्येकाने आपलं पोर्टल काढायचं आणि टायपिंगचा पगार शिरोलीने भरायचा, असा हा कारभार आहे.

१६ एप्रिल

जीएसपीचा वार्षिक करार आज झाला. दर आबांनी घासून घेतला. मी दोनच गोष्टींवर अडून बसले. एपीआयची कागदपत्रं आमच्या हातात असावीत, आणि करार मोडला तर आमची सगळी बिलं, आयआरएन आणि सह्यांसकट, जेसनमध्ये परत मिळावीत. दोन्ही लेखी घेतलं. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला स्क्रीनचे रंग दाखवायच्या आधी हेच दोन प्रश्न विचारा. तो गडबडला तर चहा पाजून वाटेला लावा.