थांबलेला भोपळा

२०२१ सालचा जानेवारी संपत आला होता आणि चंडीगढचे धुके दुपार झाल्याखेरीज निवळत नव्हते. शहराच्या दक्षिणेकडील एका सेक्टरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त मराठी अध्यापिकेने कपाटातून एक जुनी सीडी काढली, भाच्याच्या संगणकात घातली आणि त्यावरील म्हातारीच्या गोष्टीवर टिचकी मारली. पडद्यावर म्हातारीऐवजी एक करडा चौकोन उमटला. तीन आठवड्यांपूर्वी, ३१ डिसेंबर २०२० रोजी, फ्लॅश या चलत्‌चित्रप्रणालीचा आधार तिच्या मालक कंपनीने काढून घेतला होता. १२ जानेवारीपासून तर तिच्या प्लेअरमध्ये या फाइली चालणेच बंद करण्यात आले होते. घोषणा २०१७ च्या जुलैतच झालेली होती. परंतु कपाटातल्या सीडीला ती कोण कळवणार?

ही गोष्ट बाईंनी २००३ साली तयार केली होती. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतील आणि शहरातील सरकारी कचेऱ्यांतील मराठी कुटुंबांची काही मुले रविवारी त्यांच्याकडे मराठी शिकायला येत. शाळेत हिंदी व इंग्रजी, अंगणात पंजाबी, आणि मराठी केवळ आईच्या रागावण्यापुरती, अशी त्या मुलांची भाषिक स्थिती होती. त्यांच्यासाठी बाईंनी लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि भोपळ्याची लोककथा निवडली. चित्रे स्वतः काढली, आवाजही स्वतःचाच दिला. ध्वनिमुद्रण स्वयंपाकघरात झाल्यामुळे वाघाच्या संवादामागे कुकरची एक शिटी कायमची राहून गेली आहे.

त्या रचनेचे मर्म चित्रांत नव्हतेच. मुलाने टिचकी मारली तरच भोपळा पुढे घरंगळे. न मारली तर तो जागीच थांबे. वाघ, अस्वल, कोल्हा यांपैकी प्रत्येकापाशी म्हातारीच्या तोंडी घालण्यासाठी तीन उत्तरे असत आणि त्यांतून मुलाने एक निवडायचे असे. चुकीच्या उत्तराला शिक्षा नव्हती. म्हातारी लेकीच्या घरी परत जाई, आणखी एक पुरणपोळी खाई आणि पुन्हा निघे. मुले मुद्दाम चुकत, हे सांगायला नकोच. त्या चुकण्यासाठी प्रत्येक उत्तर आधी वाचावे लागे, आणि बाईंना तेवढेच हवे होते.

भाच्याने मावशीला धीर दिला. ‘मावशी, याचा व्हिडिओ करून टाकू. एमपीफोर झाली की कुठेही चालेल, फोनवरसुद्धा.’ काम तासाभराचे आहे असे त्याला वाटले होते. फाइल बदलून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरने पाच मिनिटांत व्हिडिओ तयारही केला. त्यात म्हातारी दारात उभी होती आणि शेवटपर्यंत उभीच राहिली.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक ठेवलेल्या तयार चित्रांची माळ. बाईंच्या फाइलीत तशी चित्रे नव्हतीच. रेषा कोठून निघावी, कशी वळावी, कोणता रंग भरावा आणि काय घडले असता पुढे जावे, यांविषयीच्या सूचना होत्या. म्हणूनच सारी गोष्ट एखाद्या छायाचित्राएवढ्या जागेत मावत होती. पहिल्याच चौकटीवर ‘थांब’ अशी आज्ञा होती. माणसाचा हात येईपर्यंत थांबायचे, हे फाइल इमानाने पाळत होती. सॉफ्टवेअरला हात नव्हता. दुसरी अडचण लिपीची निघाली. उत्तरांचा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला होता. त्या फाँटात देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसलेल्या संगणकावर म्हातारीचे बोलणे म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसू लागला. सुदैवाने बाईंनी तो फाँट त्याच सीडीवर ठेवला होता. मूळ आराखड्याची फाइल मात्र जुन्या हार्ड डिस्कबरोबर केव्हाच गेली होती.

अखेर भाच्याने ब्राउझरवाचून चालणारा फ्लॅशचा स्वतंत्र प्लेअर मिळवला आणि तोड काढली: कोणीतरी गोष्ट खेळायची आणि पडद्यावर जे घडेल ते टिपून घ्यायचे. येथे तंत्राचा प्रश्न संपला आणि पाठनिश्चितीचा सुरू झाला. गोष्टीच्या वाटा अनेक. व्हिडिओत एकच मावणार. ती कोणती?

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. १९२५ पासून वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ते काम सिद्धीस गेले. तेथेही असंख्य पोथ्यांतून एक पाठ मुख्य मजकुरात घ्यावा लागला. पण उरलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत सांभाळले गेले. व्हिडिओला तळटीप नसते. जे वर दिसले नाही ते नाहीच. रूपांतराला जतन म्हणण्याची सवय आता सार्वत्रिक झाली आहे. वस्तुतः ते भाषांतर आहे, आणि भाषांतर झाले म्हणून मूळ पोथी रद्दीत घालण्याचा विचार कोणी शहाणा करीत नाही. अर्थात भाषांतर नको असेही नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्या हलवून केलेला चलत्‌चित्रपट तयार केला होता. आज तो उपलब्ध नाही. त्याची एखादी निकृष्ट प्रतही लाभली असती तर अभ्यासकांनी ती मस्तकी धरली असती.

चंडीगढला याचे आणखी एक उदाहरण घरचेच आहे. हे शहर वसवण्यासाठी जी खेडी उठवली गेली त्यांतली फुटकी भांडी, कपबश्या, बांगड्या नेकचंद यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि त्यांतून रॉक गार्डन उभे केले. बशी वाचली, पण तिच्यातून आता कोणी चहा पिणार नाही.

पहिल्यांदा बाईंनी स्वतःच माउस हाती घेतला. त्यांना सारी उत्तरे पाठ होती. भोपळा कोठेही न अडता चार मिनिटांत घरी पोहोचला. भाचा म्हणाला, ‘छान झाले.’ बाईंना ते छान वाटले नाही. कथा बिनचूक होती. फक्त ती कोणी ऐकत आहे असे तीत कोठेच जाणवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंजाबी कुटुंबातील आठ वर्षांची मुलगी खेळायला बसली. हिंदीमुळे तिला अक्षरे वाचता येत होती, अर्थ अर्धामुर्धाच लागत होता. वाघापाशी ती चुकली. म्हातारीने पुरणपोळी खाल्ली. ती पुन्हा चुकली, आणि तिसऱ्या खेपेस तिच्या हसण्यावरून कळले की आता ती मुद्दाम चुकते आहे. कोल्ह्यापाशी मात्र ती खरोखरच अडली. ‘आंटी, ‘‘मला काय माहीत’’ का मतलब क्या होता है?’ तिने विचारले. बाईंनी सांगितले नाही. पडद्यावर भोपळा उभा, कोल्हा शेपटी हलवतो आहे, म्हातारी गप्प.

भाच्याने नंतर तेवढा तुकडा कापायचे ठरवले. चाळीस सेकंद काहीच घडत नाही, पाहणाऱ्याला व्हिडिओ अडकला असे वाटेल, असे त्याचे म्हणणे; आणि ते चूक नव्हते. बाईंनी कापू दिला नाही. अकरा मिनिटांचा तो व्हिडिओ मूळ फाइलीच्या कितीतरी पट मोठा झाला. त्याच्या शेजारी त्यांनी मूळ फाइल, तो जुना फाँट आणि प्लेअर एकाच फोल्डरात ठेवले, त्याच्या दोन प्रती केल्या, आणि तीनही उत्तरे, त्यांच्या वाटा व पुरणपोळीचा नियम वहीच्या दोन पानांवर स्वच्छ हाताने लिहून काढला. ती पाने सीडीच्या डबीत मावेनात, तेव्हा त्यांची चौघडी केली.