येते म्हणायचं

मोहाडीला आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. थायलंडात, रोई एतमधल्या माझ्या खोलीतही दारामागेच एक कॅलेंडर आहे, तांदळाच्या दुकानदाराने नववर्षाला दिलेलं. त्यावर अष्टमीला, पौर्णिमेला आणि अमावास्येला बुद्धाची इवलीशी बसलेली आकृती छापलेली असते. आईचा फोन आला की आम्ही दोघी आपापल्या दारामागे जाऊन उभ्या राहतो. ती तिकडे तारखेवर बोट ठेवते, मी इकडे.

"औंदा मंडईले येशीन का वं?"

हा प्रश्न ती मे महिन्यातच विचारते. अजून रोहिणी लागलेल्या नसतात, बांध्या कोरड्या पडलेल्या असतात, आणि तिच्या मनात धान कापून कडपा पसरलेल्या असतात. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते. एका गावची झाली की दुसऱ्या गावची. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार होते, रात्री खडी गंमत किंवा नाटक. लग्नं जुळतात ती तिथेच, उसाची कांडी सोलता सोलता. ज्याच्या घरी मंडईला कुणी आलं नाही ते घर त्या दिवशी ओकंबोकं दिसतं, आणि ते साऱ्या गल्लीला दिसतं. आईचा प्रश्न नुसता सुट्टीचा नसतो.

मी इथे २०२२ च्या मे महिन्यात आले. शाळेचं पहिलं सत्र साधारण १६ मे ते ११ ऑक्टोबर, दुसरं १ नोव्हेंबर ते १ एप्रिल. मधली ऑक्टोबरची सुट्टी तीन आठवड्यांची. कागदावर पाहिलं तेव्हा वाटलं, दिवाळी तर ऑक्टोबरातच येते, मग अडचण कसली! त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, अगदी सुट्टीच्या मधोमध. पण माझ्यासारख्या एजन्सीमार्फत लागलेल्या शिक्षकांना सुट्टीतल्या महिन्याचा पूर्ण पगार बहुधा नसतो. हातात तिकिटाचे पैसे नव्हते, त्यात मुलांचं इंग्रजीचं शिबिर लागलं. म्हटलं, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना आला.

ही गोष्ट मला आईने शिकवली. चांद्रवर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून दिवाळी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकते. अधिक महिना पडला की मात्र ती एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला आलं, म्हणजे माझं सत्र सुरू होतं त्याच तारखेला. शाळेचं वेळापत्रक सूर्याचं, मंडई चंद्राची. माझी सुट्टी या दोघांच्या मधल्या फटीत अडकून पडली होती. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण पुढच्या चार वर्षांचं हे गणित तिने दारामागे उभ्या उभ्या मांडून दिलं.

एप्रिलची गोष्ट वेगळी आहे. थायलंडात सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल. सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांतच, सूर्य मेषेत जाण्याची. सारा देश रस्त्यावर उतरून एकमेकांवर पाणी उडवतो. त्याच्या मधोमध १४ एप्रिल. मोहाडीला आमच्या वस्तीत त्या दिवशी पहाटेपासून निळे झेंडे, पांढरी लुगडी, बुद्धवंदना. बाबासाहेबांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक आमच्या भंडाऱ्यातून लढवली होती. ते हरले, आणि त्या पराभवाचं बोलताना म्हाताऱ्या आजोबांचा आवाज शेवटपर्यंत खाली यायचा. १४ एप्रिलची सुट्टी मला परदेशात कधी मागावी लागली नाही. ती मोठ्या सुट्टीतच येते, आणि मी त्या दिवशी घरी असते. मोहफुलांचा वास, बेचाळीस अंशांचं ऊन, दुपारी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन पडलेली आई. मला ते दिवस फार प्रिय आहेत. पण बहिणी तेव्हा येत नाहीत. अंगण ज्याला भरलेलं म्हणतात, तसं ते एप्रिलमध्ये नसतं.

आणि बुद्धाच्या पौर्णिमा? त्या तरी दोन्हीकडे सारख्याच असतील, असं मी धरून चालले होते. वैशाखी, आषाढी, माघी या तिन्ही पौर्णिमा थायलंडात राष्ट्रीय सुट्टीच्या आहेत. आषाढीच्या दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, तो शब्दही आपलाच. पण २०२३ मध्ये आईने ५ मे रोजी खीर केली, आणि माझ्या कॅलेंडरवर वैशाखी निघाली ३ जूनला. थायलंडच्या पंचांगातही त्या वर्षी अधिक महिना होता, फक्त तो त्यांनी वेगळ्या जागी धरला होता. आषाढी तिकडे ३ जुलैला झाली, इकडे १ ऑगस्टला. एकच चंद्र, एकच बुद्ध, आणि मायलेकींच्या खिरीत महिन्याचं अंतर. त्या रात्री मी फोन ठेवला आणि बराच वेळ दारामागून हलले नाही.

त्या नोव्हेंबरात मी रजेचा अर्ज केला.

रजा हा आपला शब्द मोठा गोड आहे. कामावरून घेतो ती रजा, आणि कुणाचा निरोप घेताना "आता रजा घेतो" म्हणतो तीही रजाच. थाई भाषेत तिला 'ला' म्हणतात, आणि तिथेही निरोप घेणं म्हणजे 'ला'च. आजारपणाची वेगळी, आणि घरच्या कामाची ती 'ला किट'. किट म्हणजे पालीतलं किच्च, आपलं कृत्य. अर्जावर तारीख बुद्धसंवतात घालायची, २५६६. कारणाच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहिलं, कौटुंबिक सण. मंडई असं लिहायला गेले आणि थांबले. जो शब्द समजावून सांगायला अर्धा तास लागेल, तो चार इंचांच्या रकान्यात कसा बसवायचा?

मला नकार मिळाला नाही. तीन दिवस मिळाले. थायलंडच्या कामगार कायद्यात २०१९ पासून घरच्या निकडीच्या कामासाठी वर्षाला किमान तीन दिवस पगारी रजा आहे, आणि वर्ष भरल्यावर हक्काची वार्षिक रजा किमान सहा दिवसांची. सत्र चालू असताना सहा दिवस कुणी सोडत नाही, तेव्हा हे तीन. रोई एतहून रात्रभर बस, बँकॉकहून कोलकाता विमान, हावड्याहून रात्रभर गाडी, गोंदियाला पहाट, मग तुमसर रोड, मग वरठीचं भंडारा रोड स्टेशन. तीन दिवसांत मोहाडीला शिवून येता आलं असतं, राहता आलं नसतं. मी अर्ज परत घेतला.

बाबांनी फोनवर विचारलं, "तुमच्या शाळेतले पंच कोन हायेत?" आमच्याकडे मंडईची तारीख गाव बसून ठरवतं, शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये म्हणून एक दिवस मागेपुढे करतात. शाळेची सुट्टीही अशीच कुणीतरी बसून ठरवत असेल, आणि एका गावची लेक दूर आहे हे कळलं तर तेही चार दिवस सरकवतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला काही उत्तर सुचलं नाही. पण माणसांनी सुट्ट्या तशाच ठरवायला हव्यात, हे मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं.

त्याच आठवड्यात सहावीतला एक मुलगा दोन दिवसांनी वर्गात आला. बरोबर रजेची चिठ्ठी, घरच्यांच्या सहीची. ला किट, कारण भातकापणी. नोव्हेंबरात इकडेही भात कापतात. बहुतेक शेतांत यंत्र फिरतं, पण ओल्या तुकड्यात अजून विळाच लागतो. त्याच्या बोटांवर पात्यांचे बारीक लाल ओरखडे होते, अगदी माझ्या भावाच्या बोटांवर असायचे तसे. वर्गशिक्षिकेने चिठ्ठी वाचली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हजेरीत खूण केली. काही विचारलं नाही.

२७ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होती. वैशाखी-आषाढीला दुरावलेली दोन्ही कॅलेंडरं त्या दिवशी एकाच तारखेवर होती. इथे त्या रात्री लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खांबाची चकती, भोवती दुमडलेल्या केळीच्या पानांच्या पाकळ्या, मध्ये मेणबत्ती, फूल, उदबत्ती, आणि ते सगळं पाण्यात सोडायचं. साऱ्या देशाचा हा सण, पण सरकारी सुट्टी नाही. दिवसभर शाळा झाली आणि संध्याकाळी सगळे तळ्याकाठी जमले. त्याच मुलाने मला आपल्या हातचा क्राथोंग आणून दिला. पाकळ्या टाचणीने नीट टोचलेल्या, एक मात्र उलटी दुमडलेली. मी तो पाण्यावर ठेवला. तो आधी काठालाच फिरत राहिला, मग कुणीतरी हाताने पाणी ढकललं तेव्हा निघाला.

अखेर २०२५ साल आलं. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर, भाऊबीज २३. सगळी सुट्टीत. मी जूनमध्येच तिकीट काढलं. राहिला एक शिक्का. थायलंडात नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला देशाबाहेर पडण्याआधी परत येण्याची परवानगी घ्यावी लागते. एका खेपेचे हजार बाट. ती न घेता गेलं तर मुदतवाढ मिळालेला व्हिसा तिथेच संपतो. इमिग्रेशनच्या रांगेत बसले असताना आईची शिस्त आठवली. घरून निघताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं.

मंडईच्या दिवशी अंगण भरलं. दोघी बहिणी, त्यांची मुलं, मावशी. उकडलेल्या शिंगाड्यांची काळी सालं पायरीवर पडली होती. बाबांचे हात आता कापतात, तरी खडी गंमतीत त्यांनी ढोलकी घेतली. पहिल्या दोन थापा सैल पडल्या. तिसरीला शाहिराने मान वळवून पाहिलं आणि हसला. मग पहाटेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही. मी चार मंडया गमावल्या होत्या की तीन, हे त्या रात्री मला मोजावंसं वाटलं नाही.

निघायच्या सकाळी मी पासपोर्ट पिशवीत घालत होते. आई म्हणाली, दाखव. तिने पानं उलटली, शिक्क्यापाशी थांबली, आणि कॅलेंडरवर ठेवते तसं त्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिवलं हाय?"

"परत यायची परवानगी. तिकडं परत जायची, आई."

तिने ते पान जरा उजेडाकडे धरलं. "अन् इकडची कुठं हाय?"

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. दारामागे येत्या वर्षाचं कालनिर्णय जुन्याच्या खाली आधीच टांगून झालं होतं, आणि त्यात जेठ अधिक आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी तिच्या पाया पडले.

"येते," म्हटलं.