दहा मोड, पण माप नाही

पुरुषांसाठीचा व्हायब्रेटर साताऱ्यात मागवला, तर खोक्यावर ‘बॉडी मसाजर’ लिहून येतो. कस्टम्सने असे मसाजर अश्लील ठरवून अडवले होते. मार्च २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं.

मी इंजिनिअर, त्यामुळे रिव्ह्यू वाचताना आकडे शोधतो. मणक्याला इजा झालेल्या पुरुषांचं वीर्य मिळवायला डॉक्टर लिंगावर कंपनच वापरतात. १९९४च्या डॅनिश अभ्यासात १०० हर्ट्झ तेवढेच ठेवून कंपनाचा पल्ला एक मिलिमीटरवरून अडीचवर नेला, तेव्हा कितीतरी जास्त जणांना यश आलं. म्हणजे महत्त्वाचा पल्ला. रिव्ह्यूत मात्र ‘दहा मोड, जबरदस्त!’ एवढंच. दोन खोल्यांच्या घरात आवाज भिंतीपलीकडे जातो का, सिलिकोनला कुठलं वंगण चालतं (पाण्याचं), धुवायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये र. धों. कर्वे हस्तमैथुनावरच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत. १९३४मध्ये त्यावरून खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर, जे साताऱ्यातच शाळेत शिकले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणारे आजही आहेत. त्यांना लाजेऐवजी मिलिमीटरमध्ये उत्तर मिळावं, एवढंच म्हणणं आहे.