लोणी भापकरच्या पुष्करणीकाठी

मोरगावच्या मोरेश्वराचे दर्शन झाले, की पुण्याची मंडळी गाडी वळवतात आणि जेजुरीच्या वाटेला लागतात. पोरांना भूक लागलेली असते आणि वडीलमंडळींना घरचे जेवण आठवू लागलेले असते. तिथून बारामतीच्या अंगाला आणखी थोडे पुढे गेले तर लोणी भापकर नावाचे गाव लागते, हे शंभरातल्या नव्वदांच्या गावीही नसते. मीही त्या नव्वदांतलाच. मला तिकडे नेले ते आमच्या मास्तरांनी.

मास्तर म्हणजे आमचे तीस वर्षांचे शेजारी. मराठी शिकवण्यात हयात गेली. जुन्या देवळांचा आणि शिलालेखांचा भारी नाद. माणूस नगरकडचा. (त्या शहराचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले, पण मास्तरांच्या तोंडी अजून नगरच.) घराणे आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मिशनरी 1831 साली आले आणि त्यांच्या शाळांतून पुढे कित्येक घराण्यांनी पाटी हातात धरली; मास्तरांचे घराणे त्यांतलेच एक. आमच्याकडून दिवाळीला त्यांच्याकडे चिवडा जातो, त्यांच्याकडून नाताळात करंज्या येतात, आणि कोणाच्या करंज्या अधिक खुसखुशीत, यावर दोन्ही घरांत एकमत आहे. त्यांच्याच!

एरवी प्रवासात मास्तर अखंड बोलतात. या खेपेस सासवड गेले, जेजुरी गेली, मोरगाव मागे पडले, तरी हूं की चूं नाही. हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जात होता. शेवटी मीच विचारले, "मास्तर, प्रकृती बरी आहे ना?"

"प्रकृतीला काय धाड भरली आहे!" ते म्हणाले. "लेकीचं पत्र आलंय. लग्न ठरलं. डिसेंबरात."

"अहो, मग पेढे काढा!"

"पेढे काढीन हो. पण ती मॉर्मन झालीय."

मला काही उमगले नाही. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एवढीच काय ती आमची ख्रिस्ती धर्माची जाण. मी म्हटले, "म्हणजे ख्रिस्तीच ना?"

"तोच तर प्रश्न आहे," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा गप्प झाले.

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायती भागातले गाव. बारामती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. इकडे मात्र माळ, ज्वारी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. अशा कोरड्या मुलखात एकाएकी मल्लिकार्जुनाचे जुने दगडी देऊळ आणि घडीव पायऱ्यांची पुष्करणी समोर येते, तेव्हा माणूस क्षणभर थबकतोच. देवळाच्या आतल्या खांबांवरचे कोरीवकाम पाहायला सावकाश वेळ काढून जावे. आत महादेव आहे. पण खरे नवल आहे ते बाहेर. तिथे दगडात कोरलेला वराह उभा आहे. माणसाच्या धडाचा नव्हे, चार पायांवर उभा असलेला सबंध वराह. अंगावर झूल आणि झुलीवर ओळीने बसवलेल्या लहान लहान मूर्ती. याला यज्ञवराह म्हणतात. विष्णूचा हा अवतार शिवालयाच्या बाहेर काय करतो? जाणकार म्हणतात, हे स्थान मूळचे विष्णूचेच असावे. पुढे कधीतरी आत महादेव आला.

पुष्करणीच्या पायरीवर आम्ही टेकलो. मास्तरांनी पत्र काढले, पण वाचले नाही. मांडीवर ठेवून बोलू लागले.

"तिनं चहा सोडला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या घरातली मुलगी आणि चहा नको म्हणते! त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सारं वर्ज्य. 1833 सालची आज्ञा आहे. प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षरसाऐवजी पाणी."

"यात वाईट काय? आमचे वारकरी निम्म्याहून अधिक हेच पाळतात."

"वाईट म्हणतोय कोण? माझं दुखणं निराळं आहे."

मग मास्तरांनी, वर्गात शिकवावे तसे, मला सगळे सांगितले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावाजवळ जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा होता. कोणता पंथ खरा, या विचाराने तो 1820 साली रानात प्रार्थनेला बसला, आणि पिता व पुत्र दोघेही आपल्यापुढे उभे राहिले, असे त्याने पुढे सांगितले. 1830 साली त्याने 'मॉर्मनचे पुस्तक' छापले. हे प्राचीन अमेरिकेतल्या लोकांचे शास्त्र सुवर्णपत्रांवर कोरलेले आपल्याला मिळाले, असे त्याचे म्हणणे. पुनरुत्थानानंतर ख्रिस्त त्या लोकांनाही भेटला, असे त्यात आहे. त्याच वर्षी मंडळी स्थापन झाली. 1844 साली जमावाने त्याला ठार केले, आणि 1847 साली ब्रिगॅम यंग अनुयायांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. त्यांच्यातल्या बहुपत्नीत्वाचा फार बोभाटा झाला होता. 1890 मध्ये मंडळीने ती चाल सोडल्याचे जाहीर केले. आज जगभरात त्यांची संख्या 1 कोटी 70 लाखांवर आहे. 'मॉर्मन' हे नाव वापरू नये, येशू ख्रिस्ताची मंडळी म्हणावे, असे 2018 पासून त्यांचे सांगणे आहे. लेकीनेही पत्रात तेच लिहिले होते.

"आता मुद्दा ऐका," मास्तर म्हणाले. "इसवी सन 325 मध्ये निकेया येथे धर्मसभा भरली. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असं तिथं ठरलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. व्यक्ती तीन, पण देव एक. कॅथलिक असोत, आम्ही असू, की केरळातले सिरियन असोत, भांडणं हजार, पण ही मेढ सगळ्यांची एक. लेकीची मंडळी म्हणते, तिघं वेगवेगळे. एक आहेत ते हेतूनं. आणि पित्याला हाडामांसाचं शरीर आहे, तुमच्याआमच्यासारखं, फक्त अमर आणि पूर्णत्वाला पोचलेलं. आम्ही म्हणतो, देवानं सृष्टी शून्यातून निर्माण केली. ते म्हणतात, द्रव्य अनादी आहे. देवानं त्याची घडी बसवली. आम्ही म्हणतो, माणूस ही निर्मिती आहे, तो कधी निर्माता होणार नाही. ते म्हणतात, आपण जन्माआधीही आत्मरूपानं देवाची लेकरं होतो, आणि वाढत वाढत त्याच्यासारखे होऊ शकतो."

मला राहवले नाही. "मास्तर, हे तर आमच्या अंगणातलंच निघालं! देवाला रूप, द्रव्य अनादी, जन्माआधीचा आत्मा..."

"थांबा. पुनर्जन्म नाही त्यांच्यात, आणि कर्माचा फेराही नाही. घाई करून कुणाला आपल्यात ओढू नये," मास्तर हसून म्हणाले. त्या दिवसातले त्यांचे ते पहिले हसू.

पुढे काळभैरवनाथाच्या देवळाकडे गेलो. तिथले वीरगळ मास्तरांना पाहायचे होते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. तळाशी झुंज, मध्ये अप्सरा त्याला वर नेताहेत, आणि वर तो महादेवाची पूजा करतो आहे, माथ्यावर चंद्रसूर्य. मास्तर बोटाने एकेक टप्पा दाखवू लागले आणि मध्येच म्हणाले, "त्यांच्या स्वर्गालाही तीन पायऱ्या आहेत. फारच थोडे सोडले तर कोणी कायमचा नरकात जात नाही. मेलेल्या वाडवडिलांच्या नावानंसुद्धा ते जिवंतपणी बाप्तिस्मा घेतात. पलीकडे तो पत्करायचा की नाही, हे त्या आत्म्यानं ठरवायचं. पौलाच्या पत्रात त्याचा एक उल्लेख आहे. आमच्याकडे त्याचा निराळा अर्थ लावतात."

"मग अडलं कुठं? मतं वेगळी. जावई बरा आहे ना?"

मास्तर बराच वेळ त्या दगडाकडे पाहत राहिले.

"त्यांचं लग्न मरणापुरतं नसतं, अनंतकाळासाठी असतं. मंदिरात बांधतात. रविवारची उपासना सर्वांना खुली. पण मंदिरात मंडळीचा दाखला असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. बापालाही नाही." ते क्षणभर थांबले. "माझ्या आजोबांना गावच्या देवळाचं दार बंद होतं. पायरीला शिवायचीही सोय नव्हती. मिशनच्या देवळात त्यांना पहिल्या बाकावर बसवलं, म्हणून आम्ही ख्रिस्ती झालो. आणि आता त्यांच्या पणतीच्या लग्नात मी पुन्हा दाराबाहेर!"

यावर माझ्यासारख्याने काय बोलावे? ज्यांच्यासाठी दार कधी बंद नव्हते, त्यांतला मी. पर्वतीच्या देवळासाठी 1929 साली पुण्यात सत्याग्रह झाला, पुढच्या वर्षी नाशिकला काळारामाचा झाला, हे मी पुस्तकात वाचलेले. मास्तरांच्या घरात ते न वाचताच ठाऊक होते. मी गप्प राहिलो.

परतताना सुपे-चौफुल्याच्या वाटेने केडगावला गेलो. मास्तरांना पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायचे होते. रमाबाई इंग्लंडात 1883 साली ख्रिस्ती झाल्या. पण त्रैक्याचे कोडे त्यांनी मुकाट्याने गिळले नाही. ज्या जोगिणींनी आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी त्या मरेपर्यंत झटल्या.

"बाई विचारायची, आणि तरी ख्रिस्ताला धरून होती," मास्तर म्हणाले. "तिला कोणी घालवून दिलं नाही." मग जरा वेळाने, "गंमत सांगू? लेकीची मंडळी आपल्याकडे काही आज आली नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉच मनुष्य 1852 साली मुंबईहून पुण्याला आला होता. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत उपदेश करू दिला नाही. तरी त्यानं बारा माणसांची मंडळी जमवली, आणि 1855 मध्ये मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही मुंबईत छापली. खऱ्या आणि जिवंत देवाविषयी. तेव्हा दाराबाहेर तो होता!"

"मग तुमचा निकाल काय, मास्तर? ती ख्रिस्ती की नाही?"

"रोमचा निकाल 2001 साली झालाय. मॉर्मन बाप्तिस्मा ख्रिस्ती बाप्तिस्मा नव्हे. आमचे पाळकही तेच सांगतील. तेही आमचा बाप्तिस्मा धरत नाहीत. माझ्या लेकीला तिकडे पुन्हा पाण्यात बुडवलं. शास्त्र म्हणून पाहिलं तर मला निकाल पटतो. निकेया ही काही किरकोळ बाब नाही. मी तिला तसं लिहीनही." त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवले. "पण ती रोज रात्री येशूच्या नावानं प्रार्थना करते, आणि तीत माझं नाव घेते. त्याला मी काय म्हणू?"

चौफुल्याला परत येऊन चहा घेतला. मास्तरांनी कप ओठाला लावला आणि खाली ठेवला. मला वाटले, साखर कमी पडली. पण ते म्हणाले, "तिनं लिहिलंय, सकाळी आधी सर्वांसमोर साधं लग्न करू, मग मंदिरात जाऊ. 2019 पासून तशी मोकळीक आहे. दुसऱ्या वेळी बाहेर थांबायचं, इतकंच. आज तो वराह पाहिलात? त्याच्या घरात दुसरा देव नांदतोय. आणि तो उभा आहे बाहेर. पण गावानं त्याला मोडीत काढलेलं नाही, आणि तोही गाव सोडून गेलेला नाही."

मी काहीच बोललो नाही. चहा संपवून आम्ही उठलो. पुण्याचे दिवे दिसू लागले, तेव्हा मास्तरांनी एकदम विचारले,

"अहो, अमेरिकेत डिसेंबरात थंडी फार असते म्हणतात. दाराशी बसायचं तर नुसत्या स्वेटरवर भागेल, की चांगला कोट शिवून घ्यावा लागेल?"